पाचवा उद्गार

"पाचवा उद्गार मिर्यामबाईंचा होता," पाळकसाहेब म्हणाले आणि चहाची बशी ओठांपर्यंत नेऊन तशीच खाली ठेवली.

झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारची, दुपार होती. उपासना आटोपून ते थेट आमच्याकडे आले होते. झग्याची घडी मांडीवर, कपाळावर घाम. पप्पा आरामखुर्चीत बसले होते. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांच्या उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते.

मिर्यामबाई म्हणजे माझी आई. ती फेब्रुवारीत गेली होती.

आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन अशी उपासना असायची. येशू वधस्तंभावरून जी सात वाक्यं बोलला, त्यांतल्या एकेकावर एकेका माणसाने उभं राहून बोलायचं. पाळक स्वतःसाठी एकच ठेवत, बाकीचे उद्गार मंडळीत वाटून देत. एक शाळेला, एक दवाखान्याला, एक तरुण संघाला. पाचवा, 'मला तहान लागली आहे' हा, महिला मंडळाचा. तो बायकांकडेच का, हे कोणाला नक्की ठाऊक नव्हतं. आई म्हणायची, "पाणी भरतं कोण? मग तहानेवर कोण बोलणार?" माझ्या लहानपणापासून तो तीच घेत आली होती.

"मंडळातल्या बायका म्हणतात, यंदा आमच्यापैकी कोणी नको," पाळकसाहेब म्हणाले. "घरातलंच कोणीतरी बोलावं. एस्तेरताई, तुम्ही कॉलेजात शिकवता. तुम्हाला काय अवघड?"

"मी कविता शिकवते, साहेब."

"मग हीही कविताच समजा."

"मला जमणार नाही."

"तिला आग्रह नका करू," पप्पा डोळे न उघडता म्हणाले. "तिने एकदा नाही म्हटलं की तिची आईसुद्धा दुसऱ्यांदा विचारायची नाही."

बाहेर चिंचेखाली मिशनच्या आवारातली पोरं सकाळच्या झावळ्यांच्या तलवारी करून खेळत होती.

"मी घेते."

स्वयंपाकघराच्या दारात दबोरामावशी उभी होती. पदराला हात पुसत होती.

पाळकसाहेब बघतच राहिले. "दबोराबाई, तुम्ही? महिला मंडळात नुसतं वचन वाचा म्हटलं तरी तुमचा घसा बसतो."

"तेव्हा बसायचा. आता घेते म्हणाले ना. आणि तो चहा गार झाला असेल, द्या इकडे, गरम करून आणते."

बशी घेऊन ती आत गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पाळक जाईपर्यंत मी थांबले, मग पप्पांना म्हणाले, "मावशी बोलणार असेल तर मी देवळात येणार नाही."

"हळू बोल."

"ऐकू दे की."

आतली भांड्यांची खडखड थांबली. थोड्या वेळाने परत सुरू झाली.

दबोरामावशी आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होती आणि निवृत्त झाल्यावर आमच्या मागच्या खोलीत राहायला आली. वसतिगृहात तिचा धाक असा, की ती नुसती व्हरांड्यात आली तरी पोरींच्या वेण्या आपोआप घट्ट व्हायच्या. तिचा एक नियम कधी मोडला गेला नाही. जेवणाआधी प्रार्थना, आणि प्रार्थनेचा 'आमेन' झाल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. एकदा राहुरीकडच्या एका मुलीवर प्रार्थनेची पाळी आली. तिने आधी सगळ्या नातेवाइकांची नावं घेतली, मग घरच्या दोन म्हशींची, मग ज्या रेड्याला विकलं त्याची. आमटीवर साय धरली, पण मावशीने एकाही पोरीला बोट लावू दिलं नाही. नंतर त्या मुलीला बाजूला घेऊन म्हणाली, "रेड्याचं नाव उद्या घे. आज भाकरी वाळली." आई ही गोष्ट सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. स्वतः आईही लांब प्रार्थना करणारी. पप्पा मध्येच खाकरायचे, मग ती आवरतं घ्यायची.

या दोघी बहिणी दिवसभर भांडत. भाजीत मीठ किती, पडदे कधी धुवायचे, बापाने दोघींत कोणाला जास्त मारलं. दुपारी एकाच सतरंजीवर एकमेकींकडे पाठ करून झोपत. मी पुण्याहून सुटीत आले की त्यांच्या पायथ्याशी पुस्तक घेऊन पडायची आणि वाचायची मात्र नाही. ऐकत राहायची.

आईची मूत्रपिंडं निकामी होत गेली, तसं तिचं पाणी कमी केलं गेलं. दिवसाला मोजून थोडं. शेवटी दवाखान्यात ठेवलं, तेव्हा छातीत पाणी साचून तिला धाप लागत होती. त्या सकाळी डॉक्टर म्हणाले, आज तोंडाने काही देऊ नका, ओठ ओले करा फक्त. मी कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करत राहिले. आई म्हणाली, "मिशनच्या विहिरीचं पाणी गोड होतं ना गं, एस्तू?" मी म्हणाले, हो. "मग दे ना." मी म्हणाले, उद्या.

दुपारी मी कॉलेजात फोन करायला गेले, रजा वाढवायची होती. बूथवर रांग होती. परत आले तर मावशी खाटेजवळ स्टुलावर वाकून बसलेली, हातात चमचा, बाजूच्या कपाटावर पाण्याचा ग्लास. चादरीवर ओला डाग. मी काही बोलणार, तोच तिने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. आईचा डोळा लागला असेल, असं मला वाटलं. मी जवळ जाऊन आईचा हात हातात घेतला, आणि मला कळलं.

मी ग्लासाकडे बघितलं. "तू पाणी दिलंस?"

मावशीने हातातल्या चमच्याकडे पाहिलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

डॉक्टरांनी नंतर पप्पांना सांगितलं होतं की आता कशानेच काही बदललं नसतं. पप्पांनी ते मला सांगितलं. मला ते ऐकायचं नव्हतं. आईला एक दिवस, एक दुपार तरी जास्त मिळाली असती, आणि ती मावशीने घालवली, असं मी मनात पक्कं केलं होतं. एकाच घरात आम्ही दोघी जेवत होतो, पण कामापुरत्या शब्दांपलीकडे मी तिच्याशी बोलत नव्हते. ईस्टर झाला की पप्पांना पुण्याला न्यायचं आणि हे घर बंद करायचं, हेही ठरवून टाकलं होतं. मागच्या खोलीचं काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मावशीनेही नाही.

तो आठवडा उन्हाचा होता. कडुनिंबाचा मोहोर अंगणभर पडायचा. मावशी सकाळी तो झाडायची, दुपारपर्यंत पुन्हा सडा. बुधवारी ती स्वयंपाकघरात कैऱ्या चिरत होती. मी पाणी घ्यायला गेले.

"एस्तू, आंब म्हणजे नक्की काय गं?"

तिने सरळ मला काही विचारावं, असं फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच झालं.

"व्हिनेगर," मी म्हणाले. "आंबलेला द्राक्षारस."

"म्हणजे लोणच्यात घालतात तसलं?"

"तसलंच."

ती कैरीची फोड हातात धरून थांबली. "वधस्तंभावरच्या तहानलेल्या माणसाला ते पाजलं होय?"

"शिपायांकडे तेच असायचं. ते स्वतःही तेच प्यायचे."

"बरं," ती म्हणाली. "म्हणजे त्यांच्याकडे होतं ते त्यांनी दिलं." आणि विळीवर परत कैरी धरली.

मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. मला तिचा राग आला. तहानेबद्दल ती माझ्याकडून शिकून घेते आहे, असं वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी पप्पा मला म्हणाले, "उद्या मला देवळात कोण नेणार?"

"मावशी नेईल."

"ती पुढे बसणार. तिला बोलायचंय. मला पायऱ्या दिसत नाहीत, एस्तू."

"तुम्ही मुद्दाम करताय."

"अर्थात मुद्दाम करतोय. पण पायऱ्या खरंच दिसत नाहीत."

मी त्यांच्या शेजारी बसले. मग विचारलं, "तुम्ही मावशीला कधी विचारलंत? त्या दुपारचं?"

पप्पांनी पट्टीखालून बोट घालून डोळा खाजवला. ते मना होतं. "नाही. शाळेतली सगळी नोकरी पोरांना उभं करून 'खरं काय ते सांग' म्हणण्यात गेली. कोणीही कधी उभं राहून खरं सांगितलं नाही. ज्यांनी सांगितलं ते स्वतःहून आले, आणि उशिरा आले."

शुक्रवारी मी पप्पांचा हात धरून गेले. त्या दिवशी घंटा वाजत नसे. लोक न बोलता आवारातून चालत येत. बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष टोप्या हातात घेऊन. जुनं दगडी देऊळ, वर कौलं, आत वेदीवर काळं कापड. छताला पंखे होते आणि प्रत्येकाच्या पात्यावर लाल रंगात नाव होतं, कोणाच्या स्मरणार्थ दिला ते. पंखा हळू फिरत असला तर नाव वाचता यायचं. लहानपणी कंटाळा आला की मी तेच वाचत बसायची. आज, इतक्या वर्षांनी, त्यातल्या एकावर आईचं नाव आहे, दुसऱ्यावर पप्पांचं. मावशीने मात्र बजावून ठेवलं होतं, "माझं नाव पंख्यावर टाकू नका, मला गरगरतं."

पप्पांना पुढे बसवून मी शेवटच्या बाकावर, दाराशी आले. चार उद्गार ऐकायचे आणि पाचव्याला उठून जायचं, असं ठरवलं होतं.

पहिले चार दरवर्षीसारखेच झाले. तरुण संघाचा मुलगा क्षमेवर इतक्या जोरात ओरडला, की पुढच्या रांगेतलं बाळ रडू लागलं. दवाखान्यातले गृहस्थ वेळेचं भान विसरले आणि पाळकसाहेबांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. कौलं तापली होती. सगळ्यांचे उपास होते, आणि उपासना संपेपर्यंत पाणीही प्यायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. ओसरीत लाल फडकं गुंडाळलेले दोन माठ भरून ठेवलेले असत. आतून त्यांच्याकडे कोणी पाहत नसे आणि सगळ्यांना ते दिसत असत.

चौथ्याचं गीत संपलं. मावशी उठली. व्यासपीठावर चढली नाही. पायरीखालीच उभी राहिली, वसतिगृहात मुलींच्या रांगेसमोर राहायची तशी, हात मागे बांधून. हातात कागद नव्हता.

मी उठले. चपला दाराबाहेर होत्या. मी बाहेर जाईपर्यंत मावशीने तोंड उघडलं नाही. अख्खं देऊळ वळून माझ्याकडे बघत होतं, हे पाठीला कळत होतं. मी ओसरीत आले, एक चप्पल पायात घातली, तेव्हा तिचा आवाज आला.

"मला भाषण येत नाही. मी पोरींना रांगेत उभं करायचे, तेवढंच."

दुसरी चप्पल सापडेना. मी माठांजवळ उभी राहिले.

"तहानेचं सांगते. मिर्यामचं सांगते, कारण दुसऱ्या कोणाची तहान मी इतक्या जवळून पाहिलेली नाही. शेवटच्या दिवशी तिला पाणी बंद होतं. डॉक्टरांचं काही चुकलं नाही. ती सकाळपासून मागत होती. दुपारी एस्तू फोन करायला गेली. मी म्हटलं, देऊन टाकू. डॉक्टरांना काय सांगायचं ते मागाहून बघू. ग्लास भरला. चमचा घेतला. म्हटलं, मिर्याम, पाणी आणलंय, तोंड उघड."

ती थांबली.

"तिने तोंड उघडलं नाही. डोळे मिटले. तुम्हाला ठाऊक आहे तिचं. नुसत्या पाण्यालासुद्धा प्रार्थनेशिवाय तोंड लावायची नाही. आवाज नव्हताच, मी कान ओठांशी नेला. म्हणाली, बापा, पाण्यासाठी आभार. विहीर ज्यांनी खणली त्यांच्यासाठी आभार. मग दाजींचं नाव घेतलं. त्यांच्या फिक्या चहासाठी आभार मानले."

बायकांच्या बाजूने कोणीतरी हसलं, आणि ते हसणं रडण्यात गेलं ते मला ओसरीतही ऐकू आलं.

"एस्तूसाठी मानले. म्हणाली, रागीट आहे, पण तू दिलीस म्हणून आहे. मग माझं नाव घेतलं. म्हणाली, दबोराचा हात थरथरतोय, तिला धीर दे. थरथरतच होता. पाणी चादरीवर सांडत होतं. हिचे डोळे मिटलेले, हिला कसं दिसलं, देव जाणे. मग 'आणि' म्हणाली. आणि थांबली.

"मीही थांबले. ती मध्ये अशी थांबायची, दम घ्यायची, पुन्हा सुरू करायची. चमच्यात पाणी घेतलं आणि धरून बसले. आमेनच्या आधी घास तोंडाला लावायचा नाही, हे मी पोरींच्या किती पिढ्यांना शिकवलं. माझ्या हाताखालच्या इथे बसल्यात, विचारा त्यांना. तेच मला नडलं. एस्तू आली तर तिलाही मी गप्प केलं. म्हटलं, प्रार्थना चाललीय. मला कळलंच नाही."

आत पंख्यांचा आवाज येत होता.

"वधस्तंभापाशी जी माणसं होती, ती काही चांगली नव्हती. पण त्यांनी आंब भरलेला बोळा काठीला लावून त्याच्या ओठांपर्यंत पोचवला. त्यांच्याकडे होतं ते दिलं. माझ्याकडे गोडं पाणी होतं, आणि मी दिलं नाही. मी शिस्तीत बसले.

"तेव्हापासून मी देवाला हेच विचारते, मी का थांबले. त्याने अजून सांगितलेलं नाही. पण बसल्या बसल्या दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, तिला पाणी मिळालं नव्हतं आणि तिचे आभार मानून झाले होते. आपण पोट भरल्यावर मानायचे, तेही विसरतो. आणि दुसरं. तिने आमेन म्हटलेलं नाही. मातीच्या वेळी मी तिच्या वतीने म्हणणार होते, तोंडाशी आलं होतं, पण म्हटलं नाही. ती प्रार्थना संपलेली नाही, असं मला वाटतं. तिकडे चालू असेल. तिला लांब करायची सवयच आहे. आणि आता मध्ये खाकरणारं तिथे कोणी नाही.

"याचा अर्थ काय लावायचा, ते पाळकसाहेब सांगतील. मला एवढंच येतं."

ती खाली बसली असावी, कारण बाकाचा आवाज आला. पाचव्यानंतर गीत होतं. पेटीवाले सुरुवात करायला विसरले. सहावा उद्गार पाळकसाहेबांचा होता, सगळं पूर्ण झाल्याचा. ते उभे राहिल्याचं मला दारातून दिसलं. खूप वेळ ते नुसतेच उभे होते. मग म्हणाले, "आपण थोडं शांत बसू या," आणि स्वतःही बसले. इतक्या वर्षांत सहाव्या उद्गारावर मी ऐकलेलं ते सगळ्यात चांगलं प्रवचन.

मी ओसरीतच राहिले. एका पायात चप्पल, एक पाय तापलेल्या फरशीवर. आत जावं असं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर तो चादरीवरचा डाग होता. सगळा वेळ मी त्याकडे बघत आले होते आणि तो दुसऱ्याच कशाचा तरी होता.

तीन वाजता लोक बाहेर आले. उत्तम शुक्रवारी देवळातून निघताना कोणी कोणाशी बोलत नाही. न बोलताच ते माठांपाशी येत, पाणी पीत, उन्हात उतरत. काही बायकांनी जाता जाता माझ्या दंडाला हात लावला. पप्पांना पेटीवाल्यांनी हात धरून आणलं. ते माझ्याजवळ क्षणभर थांबले, म्हणाले, "मी चिंचेखाली बसतो. सावकाश या," आणि पुढे गेले. या, म्हणाले. ये नव्हे.

मावशी सगळ्यांच्या मागून आली. ओसरीतल्या दगडी कट्ट्यावर बसली. ती थकलेली दिसत होती. आईपेक्षा लहान असून त्या दिवशी मोठी वाटली.

"तुझी एक चप्पल शिरसाठांची सून घालून गेली बघ," ती म्हणाली. "एक तुझी, एक तिची. घरी गेल्यावर कळेल तिला."

"मावशी, मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

"विचारलं होतं. पाणी दिलंस का, म्हणून."

"ते विचारणं नव्हतं, एस्तू."

ते खरं होतं.

तिने पदराने मान पुसली. मग म्हणाली, "तू म्हणालीस, दिलंस. मी म्हटलं, असू दे. मिर्यामला पाणी मिळालं, असं एकीला तरी वाटतंय. ते कशाला काढून घ्या."

मी माठाकडे वळले. झाकण काढलं. आत बघत उभी राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघता येत नव्हतं. मग ओगराळं बुडवून ग्लास भरला आणि तिच्यासमोर नेऊन धरला.

मावशीने ग्लास घेतला नाही. डोळे मिटले.

मी हात पुढे करून उभी राहिले. तिचे ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते. मग ओठ हलायचे थांबले. ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं होतं. ग्लास थंड होता आणि माझी बोटं ओली झाली होती. ती बोलत नव्हती. हाक मारावी असं मला वाटलं, हाक ओठांवर आलीही, आणि त्याच वेळी कळलं की मी मारणार नाही. डोळे मिटलेल्या माणसासमोर पाणी घेऊन उभं राहिलं, की थांबावंच लागतं. दुसरं काही सुचतच नाही. मावशीलाही सुचलं नव्हतं.

मी थांबले.

"आमेन," ती म्हणाली आणि ग्लास घेतला. अर्धा प्यायली. "वरचं वर काढलंस. तळाचं गार असतं," म्हणाली. मग उरलेलं माझ्यापुढे केलं. "घे. तूही सकाळपासून कोरडीच आहेस."

मी ग्लास घेऊन तिच्याशेजारी कट्ट्यावर बसले. आई गेल्यापासून मी ताटावर नुसती मान खाली घालत होते. मनात काही म्हणत नव्हते. त्या दिवशी डोळे मिटले. कुठून सुरुवात करायची, ते कळेना. मावशी शेजारी गप्प बसली होती, मला वेळ देत होती.

मग आईने 'आणि' म्हणून जिथे सोडलं होतं, तिथून मी पुढे म्हणू लागले.